मताचे माप

(नाशिक येथे शेतकरी, विणकर व इतर कारागीर मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी येथे कोणाचा प्रचार करण्यास उभा नाही. अमक्याला निवडून द्या, तमक्याला पाडा, हे सांगणाऱ्यांचा आपल्या देशात तोटा नाही. निवडणुकीचा हंगाम आला की असे लोक पावसाळ्यातल्या बेडकांप्रमाणे आपोआप बोलू लागतात. मत कोणाला द्यावे हे तुमचे तुम्ही ठरवा. मला बोलावयाचे आहे ते निराळ्याच गोष्टीवर, आणि ती म्हणजे, तुम्ही दिलेले मत मोजतात कसे? या गोष्टीकडे आपला समाज ढुंकूनही पाहत नाही, आणि माझे म्हणणे असे की पुष्कळदा आपला घात नेमका तेथेच होतो.

पूर्वी धान्य पायलीने मोजत, हे तुमच्यातील म्हाताऱ्या मंडळींना ठाऊक आहे. कुणबी सावकाराच्या ओट्यावर धान्य घालावयास गेला म्हणजे पायली शिगोशीग भरून घेतली जाई. तोच कुणबी आषाढात बियाणे मागावयास गेला म्हणजे त्याच पायलीवरून हात फिरवून ती सपाट करून दिली जाई. पायली तीच, ज्वारी तीच, मोजणारा हातही तोच! परंतु वर्षाखेर एकाची कणगी भरे आणि दुसऱ्याची रिकामी होई. कुणबी मालाकडे पाहत राहिला, मापाकडे त्याने पाहिले नाही. मताचेही असेच आहे. माणसे तीच, मते तीच, परंतु मोजण्याची रीत बदलली की निवडून येणारा बदलतो. ही गोष्ट मी तुम्हांला आपल्या प्रांतातील घडलेल्या उदाहरणांनी आणि साध्या हिशेबाने पटवून देणार आहे.

प्रथम हे पाहू की त्या मापात धान्य घालण्याचा हक्क होता कोणाला? जोतीराव फुले १८७६ साली पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद झाले, ते लोकांच्या मतांनी नव्हे. सरकारने त्यांना नेमले होते. ज्या बहुजन समाजासाठी त्यांनी जन्म घालविला, त्या समाजाला मतच नव्हते. पुढे १९१९ चा कायदा आला आणि १९२० साली मुंबई कौन्सिलची निवडणूक झाली. तेव्हाही खेड्यात मत कोणाला, तर बहुतेक जिल्ह्यांत ज्याच्या जमिनीचा आकार ३२ रुपये वा त्याहून अधिक, त्याला. दोन बिघे कोरडवाहू कसणारा कुणबी, त्याच्या औताला फाळ लावणारा लोहार, मडकी घडविणारा कुंभार, गावकुसाबाहेरचा महार, मांग, हे सारे बाहेर. घरच्या लक्ष्मीची तर गोष्टच नको. शंभर घरांच्या गावात पाच-सात घरांनी मत द्यावे आणि त्याला लोकांचा कौल म्हणावे, असा तो काळ होता.

त्या कायद्यात ब्राह्मणेतर चळवळीच्या खटपटीने एक गोष्ट मात्र पदरात पडली. मुंबई कौन्सिलात ७ जागा मराठा व तत्सम जातींसाठी राखून ठेवल्या गेल्या. मतदारसंघ सर्वांचा एकच, परंतु त्यातील अनेक जागांपैकी एक राखीव. तिच्यावर त्या जातींतील सर्वांत जास्त मते मिळविणारा उमेदवार बसावयाचा, मग दुसऱ्या कोणाला त्याच्याहून अधिक मते पडलेली असोत. त्या वेळी अनेक शहाण्यांनी नाके मुरडली. गुण पाहावा, जात पाहू नये, असे ते म्हणाले. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पाटी आणि पुस्तक होते त्यांना हे बोलणे सोपे होते. परंतु राखीव जागा म्हणजे तरी काय? मापाची एक रीत. आणि राखीव जागा नसणे ही देखील मापाची एक रीतच आहे, हे ते शहाणे विसरत. माप वापरल्यावाचून मोजणी होत नाही. म्हणून हे माप कोणाला भरते आणि कोणाला उणे पडते, एवढेच काय ते विचारायचे असते.

आता मी तुमच्यापुढे आपल्याच जिल्ह्यातील एका माणसाचे उदाहरण ठेवतो. दादासाहेब गायकवाड, म्हणजे भाऊराव कृष्णराव गायकवाड, यांचा जन्म १९०२ साली दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात १९३० पासून ते पुढे होते, हे नाशिककरांना सांगणे नको. हा एकच माणूस आयुष्यात तीन वेगवेगळ्या मापांनी मोजला गेला. ती तीन मापे समजली म्हणजे विषयाचे सार समजले.

पहिले माप १९३७ सालचे. १९३५ च्या कायद्याखाली मुंबई असेंब्लीची निवडणूक झाली. पुणे कराराप्रमाणे दलितांना राखीव जागा होत्या, परंतु मतदारसंघ सर्वांचा एकत्र. ज्या मतदारसंघात राखीव जागा, त्यात एकाहून अधिक जागा असत, आणि जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत. मुंबई प्रांतात या मतांविषयी एक विशेष सोय होती. मतदाराने आपली सारी मते हवी तर निरनिराळ्या उमेदवारांना वाटावीत, हवी तर एकाच्याच पदरात शिगोशीग ओतावीत. हिला आपण एकवट मताची रीत म्हणू.

हिने काय फरक पडतो, ते हिशेबाने पाहा. एका मतदारसंघात १,००० मतदार आणि ४ जागा धरा. म्हणजे एकूण मते ४,०००. त्यात २१० घरे गरीब बलुतेदारांची. उरलेले ७९० एका बड्या गटाचे. एका उमेदवाराला एकच मत, अशी सक्ती असेल तर बलुतेदारांच्या उमेदवाराला २१० मते पडतील आणि बड्या गटाच्या चारही उमेदवारांना ७९० प्रमाणे. चार विरुद्ध शून्य! आता मते एकवटण्याची मुभा द्या. २१० जणांनी आपली चारही मते एकालाच दिली तर त्याची मते होतात ८४०. बड्या गटाला चारही जागा हव्या असतील तर त्यांची ३,१६० मते चौघांत वाटली जाणार, म्हणजे प्रत्येकी ७९०. बलुतेदारांचा माणूस पहिल्या क्रमांकाने निवडून आला. एक माणूस वाढला नाही, एकाचेही मन फिरले नाही, एक पैसा वाटावा लागला नाही. बदलले ते केवळ माप.

परंतु या मापाला शिस्त लागते. त्याच २१० घरांनी हट्टाने दोन उमेदवार उभे केले तर प्रत्येकाला ४२० मते पडून दोघेही घरी बसतील. म्हणजे एकवट मताची रीत गरिबाला जागा देते, पण अट घालते की भांडू नका.

१९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने ही अट पाळली. या पक्षाने थोडेच उमेदवार उभे केले आणि त्यांतील बहुतेक निवडून आणले. काँग्रेसची लाट सर्व देशभर असताना हे झाले. राखीव जागांखेरीज सर्वसाधारण जागांवरही त्यांची काही माणसे आली. त्याच निवडणुकीत आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम भागातून दादासाहेब गायकवाड असेंब्लीत गेले. राखीव जागेवर कोण बसावा हे एरवी बड्या समाजाच्या मतांनी ठरले असते. दलित मतदारांना मते एकवटता आल्यामुळे त्यात त्यांच्या स्वतःच्या पसंतीला वजन आले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माप चांगले असले म्हणजे पीक आपोआप येते असे नाही. १९४६ साली मुंबई प्रांतात एकवट मताचीच सोय होती, तरी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनला या प्रांतात एकही जागा मिळाली नाही. वारा फिरला म्हणजे शिगेची पायलीही उडून जाते. म्हणून मी असे म्हणत नाही की रीत हेच सर्वस्व. रीत हे निम्मे काम आहे, आणि तेच निम्मे आपण दुसऱ्यांच्या हाती सोडून दिले आहे.

पुढे स्वराज्य आले. प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळाले, ही जगात मोठी गोष्ट झाली. आकाराची अट गेली. सालगड्यालाही मत आणि सावकारालाही एकच मत. परंतु मापाकडे पाहा. १९५२ च्या निवडणुकीत दोन जागांचे मतदारसंघ होते, त्यांतील एक जागा राखीव. मतदाराला मते दोन. मात्र दोन्ही एकाच उमेदवाराला देण्यास मनाई. म्हणजे शीग गेली, पायली सपाट झाली.

त्याचा परिणाम कोणाला भोगावा लागला? राज्यघटनेचा मसुदा ज्यांनी तयार केला त्या बाबासाहेबांना! मुंबई शहर उत्तर या मतदारसंघात राखीव जागेवर त्यांना १,२३,५७६ मते पडली आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७ मते घेऊन निवडून आले. अंतर साडेचौदा हजारांचे. त्याच निवडणुकीत ७४,३३३ मते बाद ठरली. दुसरे मत वाया घालविण्याचा प्रचार झाला, अशी बाबासाहेबांची तक्रार होती. ती निवडणूक न्यायाधिकरणापुढे गेली, पण टिकली नाही. शीग भरण्याची सोय असती तर काय झाले असते, हे आज कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. परंतु ज्याच्यासाठी लोक जीव देण्यास तयार होते, त्याला एकाहून अधिक मत देण्याची मनाई कायद्याने केली होती, एवढे खरे.

अशा रीतीत लोकांनी एक आडवाट काढली. आपले एक मत आपल्या माणसाला द्यावयाचे आणि दुसरे कोणालाच द्यावयाचे नाही; म्हणजे प्रतिस्पर्ध्याला त्याचा लाभ होत नाही. याला ‘मत कुजविणे’ म्हणत. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत कार्यकर्त्यांनी हाच उपाय सुचविला, तेव्हा बाबासाहेबांनी तो नाकारला, अशी आठवण सांगतात. त्या निवडणुकीतही ते हरले. ज्या मापात आपले धान्य कुजविल्याखेरीज आपले वजन भरत नाही, ते माप शहाण्याने केलेले म्हणावे काय? पुढे १९६१ च्या कायद्याने दोन जागांचे मतदारसंघ मोडले आणि एक मतदारसंघ, एक जागा, एक मत अशी रीत लोकसभेला व विधानसभेला कायम झाली.

हे दुसरे माप. तुम्हां सर्वांच्या परिचयाचे. ज्याला सर्वांत जास्त मते, तो निवडून आला. निम्म्याहून अधिक पाहिजेत असे नाही, पुढच्यापेक्षा एक अधिक असले की पुरे. हजारांपैकी एकाला ४००, दुसऱ्याला ३५० आणि तिसऱ्याला २५० पडली, तर ४०० वाला राजा. ६०० माणसे त्याच्या विरुद्ध होती, हे कोणी विचारत नाही. या मापाचे गुणही आहेत. ते निरक्षराला समजते, निकाल लवकर लागतो, आणि आपला प्रतिनिधी कोण हे ठाऊक असल्यामुळे रस्ता झाला नाही तर कोणाची कॉलर धरावी हेही ठाऊक असते. परंतु त्याचा स्वभाव असा की ते एकीला बक्षीस देते आणि फुटीला फटके मारते.

दादासाहेब गायकवाड १९५७ साली याच मापाने नाशिकमधून लोकसभेत गेले. कसे गेले? संयुक्त महाराष्ट्र समितीत शेतकरी कामगार पक्ष, प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, जनसंघ असे एकमेकांशी न पटणारे पक्ष एका चुलीपाशी बसले आणि त्यांनी आपली मते फुटू दिली नाहीत. फेडरेशनच्या उमेदवाराला मराठ्याने, माळ्याने, वंजाऱ्याने मत दिले. समितीतील एकी ढिली पडल्यावर १९६२ साली तीच जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली. ही आपल्या जिल्ह्याची शिकवण आहे. या मापात गरिबाने गरिबाविरुद्ध उमेदवार उभा केला तर श्रीमंताला प्रचाराचा खर्चही करावा लागत नाही.

आणि गरिबाची फूट घडवून आणण्याचे उपाय किती सोपे आहेत ते अगदी कालपरवाचे सांगतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्या दिंडोरी मतदारसंघात एका पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते. तेथे त्या पक्षाच्या उमेदवाराच्याच आडनावाचा एक अपक्ष ‘तुतारी’ हे चिन्ह घेऊन उभा राहिला आणि त्याला १,०३,६३२ मते पडली. कांद्याच्या भावाने पोळलेल्या शेतकऱ्यांचा जोर मोठा होता म्हणून पक्षाचा उमेदवार तरीही निवडून आला. परंतु साताऱ्यात त्याच पक्षाचा उमेदवार ३२,७७१ मतांनी पडला, आणि तेथे तुतारी चिन्हाच्या अपक्षाला पडलेली मते होती ३७,०६२. ही सारी मते चुकून गेली असे कोणी सिद्ध करू शकत नाही, आणि अपक्षाला उभे राहण्याचा हक्क आहे. परंतु ज्या मापात तिसऱ्याच्या उभे राहण्याने पहिल्या दोघांचा निकाल फिरू शकतो, त्या मापात असे तिसरे उगवणारच. पुढे त्या चिन्हाविषयी तक्रारी झाल्या. निवडणूक मात्र होऊन गेली होती.

आता तिसरे माप. घोटीच्या बाजाराला बैल आणावयास निघालेल्या धन्याला घरधनीण सांगते, “डांगी मिळाला तर डांगी आणा, नाहीतर खिल्लार बघा, तोही नसला तर गावठी घ्या, पण मोकळ्या हाताने येऊ नका.” झाले! हेच पसंतीच्या मताचे तत्त्व. मतदाराने उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे घालावयाचे. निवडून येण्यास मतांचा एक ठरावीक वाटा लागतो. ज्याला त्या वाट्याहून जास्त मते पडली त्याची जादा मते दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे वळतात. जो अगदी तळाला राहिला तो बाद होतो आणि त्याची मतेही पुढच्या पसंतीकडे जातात. म्हणजे मत कुजत नाही. तुमचा पहिला बैल मिळाला नाही तरी तुमचा पैसा बाजारात पडून राहत नाही.

या मापाने देशाचे केवढे भले झाले पाहा. १९४६ साली घटना समितीची निवड प्रांतांच्या असेंब्लीतील सभासदांनी याच रीतीने केली. मुंबईत फेडरेशनचा एकही सभासद नव्हता, म्हणून बाबासाहेबांना येथून वाट नव्हती. बंगालमध्ये जोगेंद्रनाथ मंडल हे फेडरेशनचे एकटेच. परंतु मोठ्या पक्षांना साऱ्या जागा गिळता येऊ नयेत असे ते माप होते. त्यामुळे मंडलांच्या खटपटीने काही मोजक्या सभासदांची मते एकत्र आली आणि बाबासाहेब बंगालमधून घटना समितीत पोहोचले. जो बहुमताने जिंकेल त्यालाच सर्व जागा, अशी रीत असती तर तो दरवाजा त्या दिवशी बंद होता. पुढे फाळणीने ती जागा गेली आणि १९४७ साली काँग्रेसच्या पाठिंब्याने ते मुंबईतून पुन्हा गेले. परंतु पहिले पाऊल आत पडले ते या मापामुळे. आपले दादासाहेबही १९६२ साली राज्यसभेवर गेले, आणि राज्यसभेची निवड याच पसंतीच्या मताने होते.

या मापातही डोके चालवावे लागते, हे २०२२ च्या जूनमध्ये महाराष्ट्राने पाहिले. राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मते पडली आणि भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. पण महाडिक निवडून आले. कारण त्यांच्या पक्षाच्या दुसऱ्या दोन उमेदवारांना प्रत्येकी ४८ मते देऊन वाट्याहून जादा भरलेले माप मुद्दाम खाली सांडू दिले होते. ते सांडलेले महाडिकांच्या पायलीत पडले. यात लबाडी नाही, हिशेब आहे. ज्याला मापाचा हिशेब आला तो २७ वर जिंकला. ज्याला आला नाही तो ३३ वर हरला.

परंतु गंमत अशी की हे उत्तम माप आपल्या वाट्याला फारसे येतच नाही. आमदारांनी राज्यसभा निवडावी, तेथे पसंतीचे मत. विधान परिषदेत पदवीधरांच्या ७ आणि शिक्षकांच्या ७ जागा आहेत, तेथेही पसंतीचे मत. म्हणजे पदवीधराला विधानसभेसाठी एक मत आणि वर परिषदेसाठी दुसरे. निफाडच्या द्राक्षबागेत छाटणी करणाऱ्या मजुरास, येवल्यात पैठणीचा धागा न्‌ धागा मोजणाऱ्या विणकरास हे दुसरे मत नाही. विद्या हवी, पदवी हवी, आपल्या मुलांनी ती जरूर मिळवावी. परंतु ३२ रुपयांच्या आकाराची अट गेली आणि पदवीची अट राहिली, हे पाहून जोतीराव हसले असते की रागावले असते, तुम्हीच ठरवा.

आता आपल्या घराजवळचे पाहू. नाशिक महानगरपालिकेत १२२ जागा. २०१२ साली प्रभागात दोन-दोन नगरसेवक होते. २०१७ साली ३१ प्रभाग झाले आणि बहुतेकांत चार-चार नगरसेवक. तुम्ही म्हणाल, चार जागा तर १९३७ सारखेच झाले! नाही बंधूंनो. येथे अ, ब, क, ड अशा चार निरनिराळ्या जागा आणि प्रत्येक जागेला एकच मत. शीग नाही, पसंती नाही. म्हणून मघाच्या हिशेबातील २१० बलुतेदारांना चारांपैकी एकही जागा मिळत नाही. उलट प्रभाग दुप्पट मोठा झाल्याने त्यांच्या उमेदवाराला दुप्पट वस्ती पायाखाली घालावी लागते. मोटारी आणि पैसा असलेल्याला ते सोपे, तांबट आळीतल्या कारागिराला अवघड. २०१२ साली मनसे ४० जागा घेऊन पहिली होती; २०१७ साली तिच्या ५ राहिल्या आणि भाजपला ६६ मिळाल्या. याची कारणे अनेक आहेत, पक्षांतरे आहेत, लाट आहे. परंतु मोठा प्रभाग हा ज्याचा वारा त्याचे शीड फुगवितो, लहानाची होडी उलथवितो, हा त्याचा धर्मच आहे.

बाजार समितीचे पाहा. लासलगाव, पिंपळगाव, येवला, कोठेही जा. समितीत १८ संचालक. त्यांतील ११ सोसायट्यांच्या गटातून, ४ ग्रामपंचायतींच्या, २ अडते-व्यापाऱ्यांचे आणि १ हमाल-मापाड्यांचा. कांदा कोणाचा? शेतकऱ्याचा. २०२३ च्या निवडणुकीत सोसायटी गटात मत कोणाला होते? सोसायटीच्या साध्या सभासदाला नव्हे, तर तिच्या संचालकांना. शिवाय त्या गटात सर्वसाधारण ७ जागा आणि मतदाराला ७ मते, एकाला एकच. म्हणून हजारात ५२० मते ज्या पॅनेलची, त्याला ७ पैकी ७, आणि ४८० वाल्यांना शून्य. मग विरोधात बसून तोलाई, हमाली, पट्टीतील कपातीचा जाब विचारणार कोण? एका जरी विरोधकाला ७ मते एकवटून आत जाता आले असते तरी हिशेबाची वही उघडली गेली असती.

बरे, ही मापे कोणी आणि कशी बदलली, तेही ऐका. २०१७ साली दहा गुंठे जमीन असलेल्या शेतकऱ्याला बाजार समितीत थेट मत देण्याचा कायदा झाला. २०२० साली तो फिरविला गेला. २०१७ साली सरपंच थेट गावकऱ्यांच्या मतांनी निवडण्याची रीत आली. २०२० साली गेली. २०२२ साली पुन्हा आली. महापालिकांत २०१७ साली चारांचा प्रभाग; २०१९ साली एकाचा ठरला; २०२१ साली तिघांचा ठरला; २०२२ साली पुन्हा २०१७ ची रीत. सरकार बदलले की माप बदलले! प्रत्येक वेळी लोकशाहीचे नाव घेतले गेले. पण तुमच्या ग्रामसभेत येऊन कोणी विचारले काय, की बाबांनो, तुम्हांला कोणत्या पायलीने मोजू? कोणी विचारले नाही, आणि आपणही भांडलो नाही. बी-बियाण्याच्या भावासाठी आपण रस्ता अडवितो. मतांच्या मापासाठी एक अर्जसुद्धा करीत नाही.

आयर्लंडची गोष्ट सांगतो. तोही इंग्रजांच्या जाचातून सुटलेला शेतकऱ्यांचा देश. १९२२ पासून तेथे पसंतीच्या मताची रीत आहे. सत्तेवरच्या पक्षाला ती अडचणीची वाटली, म्हणून १९५९ साली ती मोडून सर्वांत जास्त मतांची रीत आणावी, असा प्रस्ताव त्याने केला. पण तेथे असे बदल लोकांना विचारल्याखेरीज होत नाहीत. लोकांनी तो फेटाळला. १९६८ साली पुन्हा विचारले. लोकांनी पुन्हा फेटाळला. बटाटे पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनी आपली पायली दोनदा राखली!

कोणी म्हणेल, आमच्या अडाणी लोकांना हे हिशेब झेपणार नाहीत. हे बोलणे आपण फार जुन्या काळापासून ऐकत आलो. शाळा काढा म्हटले तेव्हाही हेच म्हणत, मत द्या म्हटले तेव्हाही हेच म्हणत. जो शेतकरी गुंठे, आकार आणि व्याज तोंडी सांगतो, ज्या बाया भिशीचा हिशेब बोटांवर ठेवतात, जो विणकर हजार धाग्यांत एक चुकला तर ओळखतो, त्याला १, २, ३ लिहिता येणार नाही काय?

तेव्हा आजच्या बोलण्याचे तात्पर्य घेऊन घरी जा. कोणतीही निवडणूक येवो, सोसायटीची, बाजार समितीची, ग्रामपंचायतीची की महापालिकेची, उमेदवाराचे नाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. मत कोणाकोणाला आहे? एकाला किती मते आणि ती कशी देता येतात? हरणाऱ्याच्या मतांचे काय होते? जेथे सर्वांत जास्त मते घेणाराच जिंकतो तेथे भाऊबंदकीचा उमेदवार उभा करून आपल्याच मापाला भोक पाडू नका. जेथे पॅनेल सारे गिळते तेथे मते एकवटण्याची किंवा पसंतीची सोय मागा. ग्रामसभेत ठराव करा, आमदाराला लेखी द्या. आणि कोणतेही सरकार, मग ते आपल्या आवडीचे का असेना, निवडणुकीची रीत बदलू लागले तर प्रथम विचारा की लोकांना विचारलेत काय?

आपल्या पूर्वजांनी सावकाराची पायली निमूटपणे पाहिली, कारण त्यांना अक्षर येत नव्हते. आपल्याला अक्षर आले आहे, मत आले आहे. आता पायलीवर फिरणारा हात कोणाचा, एवढे पाहण्यास शिकू या.